ओन्नी साल्मेलाची कोरी पाटी

टॅमरॅक हार्बर, मिशिगन
११ एप्रिल २०२२

हेलमी,

माझी तब्येत बरी आहे. तुझी विचारत नाही, कारण अ‍ॅरिझोनात गेल्यापासून तिथे कुणाला साधी सर्दीही होत नाही असं तू प्रत्येक पत्रात लिहितेस. इथे एप्रिल अर्धा होत आला तरी दारात गुडघाभर बर्फ आहे. सरोवर अजून गोठलेलं आहे. तुझ्या स्विमिंग पूलला माझा नमस्कार सांग.

आता कामाचं. तुझा धाकटा भाऊ गुन्हेगार आहे हे तू विसरली नसशीलच. सरकारही विसरलेलं नाही. पण आता सरकार विसरायला तयार झालंय म्हणे! नवा कायदा आलाय. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा एकदाच झाली असेल, कुणाला इजा झाली नसेल आणि पाच वर्षं उलटली असतील, तर कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्ट तो गुन्हा पुसून टाकणार. गावच्या वाचनालयात त्याचं शिबिर होतं. डोळे तपासायचं असतं तसंच, फक्त इथे चारित्र्य तपासतात. वकीलबाई मारेन डेव्रीस दिसायला अजून शाळेत जात असेल अशी आहे, पण हुशार. म्हणाली, "मिस्टर साल्मेला, ही सवलत आयुष्यात एकदाच." म्हणजे दुसऱ्यांदा प्यायची असेल तर माणसाने नीट विचार करून प्यावी.

तू विचारशील, त्रेसष्टाव्या वर्षी याला अब्रूची काय हौस आली? सांगतो. शाळेच्या स्की संघाचा प्रशिक्षक गुडघे बदलून घ्यायला गेला तो फ्लोरिडातच राहिला. चौदा पोरं आहेत, त्यात माझी नात सिग्नीसुद्धा. नोव्हेंबरपर्यंत कुणी मिळालं नाही तर संघ बंद. मी म्हटलं, मी आहे की! मुख्याध्यापकाला तर मीच स्कीवर उभं राहायला शिकवलंय. तो पंधरा मिनिटं टेबलावरची पेन्सिल फिरवत बसला आणि म्हणाला, "ओन्नी, मला तुझ्याबद्दल शंका नाही. नियमाला आहे." दारूचा गुन्हा नावावर असलेल्या माणसाच्या ताब्यात मुलं द्यायची नाहीत. अकरा वर्षांत मी थेंबाला शिवलेलो नाही, पण ते कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

तर अर्जासोबत तीन भल्या माणसांची पत्रं लागतात. पाद्री देतोय, गिरणीतला माझा जुना मुकादम देतोय. तिसरी तू. 'मी याला जन्मापासून ओळखते, हा सुधारला आहे' एवढंच लिही. खोटं वाटलं तरी लिही.

शेजारी बरा आहे. आर्मस टेर्वोच्या धुरांड्यातून रोज सकाळी धूर येतो, म्हणजे जिवंत असावा. पोलिसांना फोन करून मित्राला बेड्या ठोकायला लावणारी माणसं दीर्घायुषी असतात.

तुझा,
ओन्नी


मेसा, अ‍ॅरिझोना
२२ एप्रिल २०२२

ओन्नी,

पत्र मिळालं. फोन केला नाहीस ते बरं केलंस. माझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि फोनवर तू फार सहज खोटं बोलतोस. कागदावर तुला ते जरा जड जातं.

स्की संघाचं वाचून आनंद झाला. पोरांचे पाय मोडले तर कळव, पट्ट्या कशा बांधायच्या ते सांगीन. पस्तीस वर्षं अपघात विभागात नर्सगिरी केली, तेवढा उपयोग अजून होतो.

पत्राचं मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांग. सख्ख्या बहिणीच्या दाखल्याला कोर्टात काय किंमत? आणि तुझ्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं लिहिलं, तर न्यायाधीश जुना गुन्हा पुसायच्या ऐवजी दोन नवे चढवेल. चर्चच्या तळघरातल्या तुझ्या त्या दारू सोडलेल्यांच्या सभेत दर गुरुवारी वीस माणसं तुझं कौतुक करतात ना, त्यांना विचार.

खरं सांगू? राहू दे हे सगळं. अकरा वर्षांनी कशाला खपली काढतोस? कोर्ट, कागद, सह्या. संघाला दुसरा कुणीतरी मिळेल.

आणि आर्मसबद्दल असलं काही मला पुन्हा लिहू नकोस. त्याची इर्या जाऊन सहा वर्षं झाली. तुझ्या दारापासून त्याचं दार शंभर पावलांवर. तिच्या अंत्यविधीला तू गेला नाहीस. मी विमानाने आले, आणि तू खिडकीचा पडदा ओढून घरात बसलास. तुझ्या चारित्र्याच्या दाखल्यात तेही लिहू का?

हेलमी


टॅमरॅक हार्बर
९ मे २०२२

हेलमी,

लिही. तेही लिही. फोन त्याच्या घरातून गेला हे काही मी मनाने रचलेलं नाही. पकडलं तेव्हा पोलीसच म्हणाला होता, "तुमच्या शेजारच्या घरातून कळवलंय." पुढच्या आठवड्यात मी त्याच्या पायरीवर उभा राहून विचारलं होतं, "आर्मस, फोन तुझ्या घरातून गेला का?" तो म्हणाला, "हो." एवढंच. सॉरी नाही, कारण नाही. सहा वर्षांचे असल्यापासून आम्ही एका होडीत मासे धरले, एका संघातून स्की केलं, आणि शेवटी काय, तर "हो".

असो. माझी प्रगती ऐक. शेरीफच्या कचेरीत जाऊन दहा बोटांचे ठसे देऊन आलो. तिथली डोरीन सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओन्नी, ते तुझं दारूचं पुसायला आलास ना?" मागे उभ्या असलेल्या दोघांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही कळलं. मग अर्जाच्या प्रती. एक राज्याच्या पोलिसांना, एक राज्याच्या बड्या वकिलाला, एक इथल्या सरकारी वकिलाला, एक ज्यांनी मला पकडलं त्यांना. आपला गुन्हा लोकांनी विसरावा असं वाटत असेल तर आधी एवढ्या जणांना त्याची आठवण करून द्यावी लागते. मी केवढा मोठा गुन्हेगार आहे हे मला आत्ता कळतंय.

मारेन म्हणते, न्यायाधीशासमोर उभं राहण्याआधी त्या दिवसाची पोलिसांची पूर्ण फाइल मागवू, म्हणजे अचानक काही निघायला नको. मागवलीय. निघायचं काय? जूनमधली दुपार होती, मी दोन मैल गाडी चालवली, त्यांनी थांबवलं. कुणाच्या केसाला धक्का नाही. काहीही झालं नाही!

आपल्या घरात तर हा गुन्हाच नव्हता, दिनक्रम होता. बाबा दर शनिवारी गुत्त्यातून आपल्याला घेऊन कसे घरी यायचे, आठवतं? रस्त्याच्या दोन्ही कडा एकदम वापरायचे. आणि तू मागच्या सीटवर मला मांडीत धरून मोठमोठ्याने गाणी म्हणायचीस. चार वर्षांचा होतो, पण माझ्या लहानपणातली सगळ्यात मजेची आठवण तीच.

पत्र द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पण कोर्टात किंमत नाही वगैरे सबबी कशाला? 'तुझी लाज वाटते' एवढं सरळ लिही. तीनच शब्द आहेत.

ओन्नी


मेसा
२० मे २०२२

ओन्नी,

तुझी लाज वाटत नाही. हे चार शब्द आहेत, मोजून घे.

ती फाइल मात्र मागवू नकोस. मागवली असशील तर परत घे. माझं ऐक. जुन्या कागदांत शहाणपणाचं काही नसतं, मी दवाखान्यात ढिगाने पाहिलेत. तुझी ती शाळकरी वकीलबाई नवीन आहे, तिला सगळीच कपाटं उघडायची हौस असणार. अर्ज कर, दोन पत्रं जोड, मान खाली घालून उभा राहा आणि घरी ये.

पत्राचा मी विचार करतेय. घाई करू नकोस.

इथे एकशे चार डिग्री गरमी आहे आणि शेजारीण रोज संध्याकाळी ट्रम्पेट वाजवायला शिकतेय. तुझा शेजारी गप्प असतो, याची किंमत तुला नाही.

हेलमी


टॅमरॅक हार्बर
१४ जून २०२२

हेलमी,

बस खाली. फाइल आली.

चार पानं आहेत. तीन पानांत माझी चाल, माझा श्वास आणि पोलिसाला मी काय काय म्हणालो याचं वर्णन आहे, ते तुला पाठवणार नाही. चौथ्या पानावर फोनची नोंद. दुपारी दोन चाळीस. नंबर टेर्वोंच्या घरचा. आणि पुढे काय, ठाऊक आहे? 'बोलणारी: बाई. नाव सांगितलं नाही.'

बाई! म्हणजे इर्या. अकरा वर्षं मी चुकीच्या टेर्वोवर रागावलो होतो. ती गोड हसणारी, दर नाताळात वेलदोड्याचा पाव करून पाठवणारी इर्या. मला पकडून दिल्यावरसुद्धा तिने दोन वर्षं पाव पाठवला, बघ काय काळीज आहे! मी तो पक्ष्यांना घालायचो, ते आता बरंच वाटतं. आणि अंत्यविधीला गेलो नाही म्हणून तू मला सहा वर्षं टोचत होतीस. आता बोल. आर्मसने बायकोचं नाव झाकलं, नवऱ्याने झाकायचंच असतं, त्याला मी आता अर्धा माफ केलाय.

मारेनला सांगितलं तर ती म्हणाली, कोर्टासाठी तुम्ही जे निवेदन लिहिणार त्यात हे घाला. तक्रार करणाऱ्या व्यक्तीबद्दल मनात राग नाही असं दिसलं की चांगलं पडतं. म्हणून मी लिहिलंय: 'माझ्या शेजारीण कै. इर्या टेर्वो यांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली होती. मी त्यांना मनापासून क्षमा करतो.' कसं वाटतं? मला वाचताना डोळ्यांत पाणी आलं. सोमवारी देणार होतो, पण मारेन सुट्टीवर आहे, म्हणून महिनाअखेरीला.

तुझ्या पत्राची वाट पाहणं सोडलंय.

क्षमाशील,
ओन्नी


मेसा
२० जून २०२२
तातडीच्या टपालाने

ओन्नी,

ते निवेदन फाड. आत्ता, हे वाचता वाचता.

तुला हवं होतं ते पत्र सोबत आहे. पाकीट उघडं ठेवलंय. आधी तू वाच, मग न्यायाधीशाला द्यायचं की नाही ते तू ठरव. नाही दिलंस तरी मी काही म्हणणार नाही. पण इर्याचं नाव कुठल्याही कागदावर घातलंस तर मी तिथे येऊन भर कोर्टात उभी राहीन, आणि माझा आवाज डोरीनपेक्षा मोठा आहे.

हेलमी

(सोबतचं पत्र)

माननीय न्यायाधीश यांस,

मी हेलमी साल्मेला ब्रॅनिगन, वय सत्तर, निवृत्त नर्स. अर्जदार ओन्नी साल्मेला माझा धाकटा भाऊ. त्याच्या चांगल्या वागणुकीबद्दल मी लिहावं असं त्याचं म्हणणं आहे. लिहिते, पण क्रमाने.

पंचवीस जून दोन हजार अकराला सरोवरावरच्या आमच्या लाकडी घरात मध्य-उन्हाळ्याचा सण होता. मी सुट्टीवर आले होते. ओन्नी सकाळपासून पीत होता. मी मोजलेल्या सात बाटल्या. दुपारी बर्फ आणायचं निमित्त काढून तो ट्रककडे निघाला. मी किल्ली काढून घेतली. त्याच्या खिशात दुसरी होती. मी ट्रकच्या पुढे उभी राहिले. त्याने ट्रक मागे घेतला आणि दुसऱ्या बाजूने गेला, हसत, मला हात करत.

तिथून अडीच मैलांवर पोहण्याचा किनारा आहे. संध्याकाळच्या होळीसाठी गावातली पोरं दुपारपासून तिथे लाकडं गोळा करत होती, आणि रस्ता ओलांडून ये-जा करत होती. आमच्या घरात तेव्हा फोन नव्हता, मोबाइल तिथे चालत नाही. मी शेजारच्या टेर्वोंकडे धावत गेले. इर्या किनाऱ्यावर पोरांसोबत होती. घरात एकटे आर्मस होते. मी त्यांच्या भिंतीवरच्या फोनवरून पोलिसांना कळवलं. नाव विचारलं तेव्हा सांगितलं नाही. पोलिसांनी त्याला किनाऱ्याच्या अलीकडच्या वळणावर थांबवलं. अर्धा मैल अलीकडे.

माझा भाऊ म्हणतो, त्या दिवशी काहीही झालं नाही. बरोबर आहे. अपघात विभागात मी पस्तीस वर्षं दुसऱ्या लोकांचे असे दिवस पाहिले, ज्या दिवशी झालं. एका माणसाचे बूट मी स्वतः कापून काढले होते, आणि तो मला विचारत होता, ती मुलगी कशी आहे. ती बाजूच्याच पलंगावर होती, चादरीखाली.

आमचे वडील पिऊन गाडी चालवत. मी अकरा वर्षांची, ओन्नी चार. मी त्याला मांडीत घट्ट धरून गाणी म्हणायचे, कारण मी ओरडले असते तर वडील मागे वळून बघायचे, आणि मग गाडी कुठे जाईल याचा नेम नसायचा. ओन्नीला ती गाणी आठवतात. तो मजेत असायचा. तो मजेत राहावा म्हणूनच मी गात होते.

फोन मी केला हे मी त्याला सांगितलं नाही. त्या रात्री नाही, शिक्षा झाली तेव्हा नाही. आधी वाटलं, राग निवला की सांगू. मग त्याची दारू सुटली, आणि मला भीती वाटली की सांगितलं तर पुन्हा धरेल. नंतर कुठलंही कारण उरलं नाही. नुसती सवय झाली. आर्मसनी आळ आपल्यावर घेतला आणि मी घेऊ दिला. माझा भाऊ अकरा वर्षं त्यांच्याशी शब्द बोलला नाही, आणि त्यांची बायको गेली तेव्हा ते चर्चमध्ये पुढच्या बाकावर एकटे बसले होते. मी त्यांच्या मागच्या बाकावर होते.

त्या दिवसापासून माझ्या भावाने दारूला हात लावलेला नाही. तो हट्टी आहे, उद्धट आहे, आणि स्वतःच्या चुका मोजताना त्याला नेहमी कमी आकडे येतात. पण मुलांना बर्फात सोडायचं असेल, तर या तालुक्यात त्याच्याइतका भरवशाचा दुसरा माणूस मला माहीत नाही. ज्या गुन्ह्यासाठी मी त्याला पकडून दिलं तो आता पुसावा, अशी माझी विनंती आहे.

आपली,
हेलमी साल्मेला ब्रॅनिगन


मेसा
१ ऑगस्ट २०२२

ओन्नी,

सहा आठवडे झाले. टपाल खात्याला दोष द्यायचा म्हटलं तर तातडीच्या टपालाची पोच माझ्याकडे आहे, त्यावर तुझी सही आहे. सही नेहमीसारखीच घाण आहे, म्हणजे हात थरथरत नव्हता.

दोन शिव्या तरी लिहून पाठव.

हेलमी


मेसा
१२ सप्टेंबर २०२२

ओन्नी,

मी फोन केला होता. चार वेळा. यंत्र काढून ठेवलं आणि दुसऱ्या कानाला लावला. तू उचलला नाहीस.

पितोयस का? एवढंच सांग. एका शब्दाचं पत्र चालेल.

हेलमी


टॅमरॅक हार्बर
२१ ऑक्टोबर २०२२

हेलमी,

नाही.

हा तुझा एक शब्द. आता बाकीचे.

तुझं पत्र वाचलं आणि मी सरपण फोडायला घेतलं. तुझ्या नावाने फोडलेलं लाकूड तीन हिवाळे पुरेल. जुलैत मारेनने विचारलं, बहिणीचं पत्र आलं का? मी म्हटलं, माझी बहीण वारली. ती बिचारी रडवेली झाली, मग मला खुलासा करावा लागला. ऑगस्टमध्ये एका सकाळी दुकानात बियरच्या कपाटापुढे मी वीस मिनिटं उभा होतो. काचेचं दार उघडून धरलं होतं, गार वारा येत होता. गल्ल्यावरच्या पोरीने विचारलं, "ओन्नीकाका, काही सापडत नाहीये का?" मी म्हटलं, "लोणचं." तिने लोणच्याच्या कपाटापर्यंत आणून सोडलं. बरणी अजून फोडलेली नाही. त्या गुरुवारी तळघरातल्या सभेत मी पहिल्यांदा तुझ्याबद्दल बोललो. कुणीही माझं कौतुक केलं नाही.

मग एक दिवस आर्मसकडे गेलो. शंभर पावलं म्हणतेस ना, एकशे बेचाळीस आहेत. त्याने दार उघडलं आणि बघत राहिला. किती म्हातारा झालाय गं तो! रोज धूर बघत होतो, माणूस बघितलाच नव्हता.

मी म्हटलं, "फोन हेलमीने केला होता."

तो म्हणाला, "हो."

"अरे हो काय? त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस, फोन माझ्या घरातून गेला का. गेला होता."

मला त्याला तिथेच आडवा करावासा वाटला. "अकरा वर्षं आर्मस! एक शब्द बोलला असतास तर..."

"मग तू तिच्याशी बोलणं टाकलं असतंस," तो म्हणाला. "तुला बहीण एकच आहे. शेजारी दुसरा मिळाला असता."

मी म्हटलं, "मिळाला नाही."

तो म्हणाला, "ते दिसतंय. आत ये, थंडी आत येतेय."

बसलो. त्याने कॉफी ओतली. ज्या भिंतीवर फोन होता तिथे आता इर्याचा फोटो आहे. जाताना विचारलं, तिला माहीत होतं का? तर म्हणाला, पहिल्या दिवसापासून. म्हणजे माझ्या नावाने पाव भाजताना तिला सगळं माहीत होतं, आणि मी तो पक्ष्यांना घालत होतो हेही त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं.

कोर्ट मंगळवारी झालं. पहिला बर्फ त्याच दिवशी पडला. सरकारी वकील अर्धवट उठून "विरोध नाही" म्हणाला आणि बसला. न्यायाधीश बाई आहेत. त्यांनी पाद्र्याचं पत्र भराभर वाचलं, मुकादमाचं त्याहून भराभर. तुझं वाचायला घेतलं आणि चष्मा बदलला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मिस्टर साल्मेला, हे पत्र तुमच्या बाजूचं आहे की विरुद्ध?"

मी म्हटलं, "मला अजून कळलेलं नाही, बाईसाहेब."

"यात लिहिलंय ते खरं आहे?"

"एक चूक आहे," मी म्हटलं. मारेनने माझी बाही ओढली. "ती सात बाटल्या म्हणते. नऊ होत्या. दोन मी ट्रकमागे जाऊन प्यायलो होतो."

त्यांनी विचारलं, "मग हे पत्र तुम्ही का दिलंत? नसतं दिलं तरी चाललं असतं."

मी घोकून आणलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "मी सगळ्यांना सांगत होतो, काही झालं नाही. कुणी होऊ दिलं नाही, ते कळायला मला फार उशीर झाला."

त्यांनी सही केली. अडीच मिनिटं लागली. लगेच मारेनने सांगितलं की कोर्टातून गुन्हा पुसला, पण वाहन खात्याच्या नोंदीतून पुसला जात नाही, तिथे तो मी मरेपर्यंत राहणार. म्हणजे सरकारचा एक हात विसरला, दुसरा लक्षात ठेवून आहे. आपल्या घराण्यासारखंच चाललंय. शाळेला मात्र कोर्टाचा हात पुरतो. मुख्याध्यापकाने पेन्सिल खाली ठेवली. तीन नोव्हेंबरपासून पोरं माझी. सिग्नी म्हणते, "आजोबा, सगळ्यांसमोर मला 'पिल्लू' म्हणायचं नाही." मी म्हटलं, "बरं, पिल्लू."

काल आर्मस मला इर्याच्या थडग्यावर घेऊन गेला. मीच म्हटलं होतं, ने. तो फाटकापाशीच थांबला, एकट्याला जाऊ दिलं. मी टोपी काढली. सहा वर्षं उशीर झाल्यावर काय बोलतात, हे कुठल्या वकिलाला माहीत असेल तर विचार. दगडावरचा बर्फ हाताने झाडला, आणि परत येऊन त्याच्या शेजारी गाडीत बसलो. गाडी तो चालवत होता.

हेलमी, माझा राग गेलेला नाही. तू मला पकडून दिलंस त्याचा नव्हे. त्याबद्दल आभार मानायला हवेत, पण ते मला इतक्यात जमणार नाही, घाई करू नकोस. राग आहे तो नंतरच्या अकरा वर्षांचा. ती तुझी एकटीची नव्हती. माझी होती, आणि त्याच्या घरची दोघांची. मी आर्मसला विचारलं, हेलमीला काही लिहू का तुझ्याकडून? तो म्हणाला, "तिच्याकडून मला काही ऐकायचं नाहीये." मी त्याला साठ वर्षं ओळखतो, मधली अकरा सोडून. ऐकायचंय त्याला.

ओन्नी


मेसा
३० ऑक्टोबर २०२२

ओन्नी,

शुक्रवारी दुपारच्या विमानाने येतेय. घ्यायला ये. मला द्यायच्या शिव्या गाडीत दे, घरी गेल्यावर नको.

माझ्याकडे एकही गरम कोट उरलेला नाही, तुझा जुना आण. आर्मसला सांगू नकोस. आधीपासून कळलं तर तो घर झाडून ठेवेल, कॉफी करून ठेवेल आणि मला काही बोलूच देणार नाही. त्याचं दार मी स्वतः वाजवणार आहे. तू रस्त्यावरच थांब.

हेलमी